सात वर्षं ज्याचं ऐकलं नाही

देवगाव रंगारी,
८ सप्टेंबर २०२५

दिपाली बाळ,

बोलतेय तुझी आजी बानाबाई, लिहितेय शेजारची मुक्ताबाई. मुक्तानं तीस वर्षं शाळेत पोरांना बाराखडी शिकवली, पण मला एक अक्षर शिकवणं काय तिला जमलं नाय. तेव्हा अक्षर आवडलं तर तिचं कौतुक कर, मजकूर आवडला तर माझं.

फोन का नाय केला म्हणशील. घरात फोन एक, तो तुझ्या आईच्या हातात. मी "हॅलो" म्हटलं की अंबिका तव्यावरची भाकरी तशीच टाकून शेजारी येऊन बसते. काही गोष्टी तिच्यासमोर बोलवत नाय, म्हणून हा कागद.

मागच्या खेपेला तू ते टाइप केलेलं घेऊन आलीस आणि म्हणालीस, आजी, इथं अंगठा दे. कशाला विचारलं तर म्हणालीस, सात वर्षं ज्याचं काही ऐकलं नाही तो माणूस कायदा मेलेला धरतो. एवढं सांगितलंस आणि एसटी धरलीस. माझ्या अंगठ्याला चीर पडलीय असं मी म्हटलं ते खोटं होतं. अंगठा ठणठणीत आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ज्या शब्दाखाली अंगठा द्यायचा तो शब्द मला कळला पाहिजे. मेंढी घेताना मी तिचे दात बघते, मग हा तर पोटचा पोरगा.

मला ठाऊक आहे ते असं. तुझा बाप खंडेराव आठ वर्षांपाठी दिवाळी झाल्यावर मेंढ्या घेऊन कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेला. जाताना चुलतभाऊ मोतीरामला म्हणाला, मी येईपर्यंत माझं रान तू कस. संक्रांतीनंतर तापीच्या अंगाला पुढचा मुक्काम बघायला तो एकटा पुढं गेला, तो परत आला नाय. सोबतच्या सोनाजीनं मेंढ्या आणून दारात सोडल्या. मेंढ्या सगळ्या होत्या, माणूस तेवढा कमी. आणि मोतीराम शब्दाचा लई पक्का निघाला. "येईपर्यंत" म्हणालाय म्हणून अजून कसतोय. तुझी आई त्याच रानात रोजानं खुरपते.

मुक्ता म्हणते, हे सगळं दिपालीला माहीत आहे, कागद कशाला घालवायचा. मी म्हटलं, कोर्टात सांगायचंय ना, तालीम करतेय.

तर मला शिकव. कुणी ऐकलं नाय म्हणजे माणूस मेला? मोतीराम तर कुणाचंच ऐकत नाय, मग सगळा गाव मेला का?

तुझी आजी
(खाली अंगठा माझा आहे, शाई मुक्ताची.)

* * *

छत्रपती संभाजीनगर,
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. राजेंद्र सरांनी विचारलं का हसतेस, त्यांनाही वाचून दाखवलं. त्यांच्याकडे मला ज्युनियर वकील म्हणून दोन वर्षं झाली, पण माझ्या मसुद्याला ते कधी असे हसले नव्हते.

तू म्हणतेस तसं एकेक शब्द सांगते.

"गृहीतक": एखादी गोष्ट सिद्ध करायला पुरावा नसला, तरी कायदा ती खरी धरून चालतो, ते. तुझा खंडेराव, माझे आबा, गेले हे आपण सिद्ध करू शकत नाही. पण सात वर्षं त्यांची काही खबर नाही एवढं दाखवलं, की ते जिवंत आहेत हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर जाते. समोर मोतीरामकाका आहेत. ते दाखवू शकणार नाहीत.

कुणी ऐकलं नाही, हे तू बरोबर विचारलंस. कायद्यात लिहिलंय, "तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती अशा माणसांनी." म्हणजे आई, मी आणि सगळ्यांत आधी तू. गावाचा संबंध नाही.

"प्रतिज्ञापत्र": शपथेवर लिहून दिलेलं. सगळे त्याला अॅफिडेव्हिट म्हणतात. मूळ शब्द लॅटिन आहे. त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा.

"लोकस स्टँडी": हेही लॅटिन. कोर्टात उभं राहण्याचा हक्क. आबा जिवंत असतील तर त्या रानाबद्दल बोलायचा हक्क फक्त त्यांना. नसतील तर आपण वारस. कागदावर ते जिवंत आहेत म्हणून आई स्वतःच्या रानात मजूर आहे. आजी, मला आबा मेलेले नकोत. मला आईच्या हातातलं दुसऱ्याचं खुरपं काढायचंय.

अंगठा देशील ना?

तुझी दिपाली

* * *

देवगाव रंगारी,
२७ सप्टेंबर २०२५

दिपाली बाळ,

तुझे शब्द मुक्तानं दोनदा वाचून दाखवले. मी विचारलं, हे लॅटिनवाले कुठले, वेरूळला फिरायला येतात त्यातले का? मुक्ता म्हणाली, ही भाषा आता कुणीच बोलत नाय, ती मेलेली भाषा आहे. मग मला सांग, तिला मेलेली धरायच्या आधी किती वर्षं वाट बघितली? आणि अंगठा कुणाचा घेतला? आणि मेलेल्या भाषेत जर अजून माणसांच्या जिवाचा निवाडा होतो, तर मेलेला धरल्यावर माझ्या खंडेरावालाही कुणी कामाला बोलावतं का बघ.

चिडू नको. अंगठा देईन. मुक्ता म्हणते, कोर्ट पेपरात नोटीस छापणार, खंडेराव कुठं असेल तर त्यानं हजर व्हावं. खंडेराव पेपर वाचत नव्हता, पेपरात भाकरी बांधायचा. त्याला हाक मारायचीच आहे तर आपल्या रितीनं मारू, मग मी बिनघोर अंगठा देईन.

तू शहरात शिकलीस, तुला ही रीत ठाऊक नसेल. आपल्या घरातून लांबच्या माणसाला सांगावा जायचा तेव्हा सोबत हातभर काळ्या लोकरीचा धागा जायचा, घरच्या बाईनं हातानं कातलेला. एक वाडा दुसऱ्या वाड्याला देतो. (मुक्ता म्हणते समजावून सांग: वाडा म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या माणसांचा मुक्काम, शहरातली इमारत नव्हे.) ज्याच्या नावाचा धागा, त्याला पोचला की तो मधोमध हातानं तोडतो, अर्धा काठीला बांधतो, अर्धा घरी पाठवतो. माणूस नसला तर धागा अख्खा परत येतो. तुझा आजा जिवंत होता तवा दर हिवाळ्यात मी असा अर्धा धागा घेतलाय. हजेरीच म्हण की. सही करता न येणाऱ्यांची पावती.

खंडेराव हरवला तवा तू म्हणशील का नाय पाठवला. घाबरले. अख्खा आला असता तर? तवापासून मी धागा कातला नाय. आता तुझ्या कायद्यानंच हिंमत दिली. दसरा झाला की कडुबाचा वाडा घाट उतरतोय, त्याच्या हाती देते. तुझी आई आज संध्याकाळपासून कातत बसलीय. अगं, आठ वर्षांत पहिल्यांदा ती मला कामात गुणगुणताना दिसली.

अंगठा देऊन कागद सोबत पाठवलाय. चांगला ठसठशीत उमटलाय.

तुझी आजी

* * *

छत्रपती संभाजीनगर,
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी,

दिवाळीला दोन दिवस आले तेव्हा आई सारखी घाटाच्या रस्त्याचं बोलत होती, म्हणून तुझ्याशी निवांत बोलता आलं नाही. दावा दाखल झालाय. दोन नवे शब्द.

"कॅव्हेट": माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असं आधीच कोर्टाला सांगून ठेवणं. मोतीरामकाकांनी ते केलं होतं.

"स्टेटस को": जैसे थे. निकाल लागेपर्यंत जे जसं आहे ते तसंच. म्हणजे ताबा काकांकडेच. हे सगळ्या दाव्यांत होतं, मनाला लावून घेऊ नको.

आणि एक सांगायचं राहिलं, तो "ऐकीव पुरावा". अमक्यानं बघितलं असं तमक्यानं मला सांगितलं, हे कोर्ट सहसा धरत नाही. ज्यानं बघितलं त्यानं येऊन सांगायचं.

धागा पाठवलास हे मी सरांना सांगितलं नाही. तुझ्या आणि आईच्या मनाला बरं वाटत असेल तर असू दे. अख्खा परत आला तरी वाईट वाटून घेऊ नको, कोर्टाच्या दृष्टीनं ते आपल्या बाजूचंच आहे. हे लिहिताना मला माझीच लाज वाटली. तरी लिहिलं.

साक्षी फेब्रुवारीत आहेत. सरळ विचारतील, सरळ उत्तर दे. सात वर्षांत काही ऐकलं का? नाही. एवढंच.

तुझी दिपाली

* * *

देवगाव रंगारी,
२१ जानेवारी २०२६

दिपाली बाळ,

तुझी आई शेजारी बसलीय. तीच म्हणाली, दिपालीला कळवा. काल कडुबा वाडा मागं ठेवून एकटा येऊन गेला. त्याच्याबरोबर धागा आला. अर्धा.

अंबिका म्हणते, लिहा की धागा तिनं डोळ्याला लावला. लिहा की ती उद्या घर सारवणार आहे.

आम्ही बरे आहोत. थंडी आहे.

तुझी आजी

* * *

छत्रपती संभाजीनगर,
१३ मार्च २०२६

आजी,

निकालाची नक्कल काल मिळाली. फोनवर आईला एवढंच सांगितलं, की निकाल लागला, आपलं झालं नाही. ती म्हणाली, मग काय झालं, तो येईल तवा तोच बघेल मोतीरामकडं. मी फोन ठेवला.

तुला शब्द हवे असतात ना, घे.

"कबुली": आपल्या विरुद्ध जाणारं आपणच बोललेलं. ऐकीव गोष्टीला कोर्ट किंमत देत नाही, पण कबुलीला देतं, कारण कुणी आपल्या नुकसानीचं खोटं उगाच बोलत नाही असं धरतात. धागा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं खुरपताना मोतीरामकाकांच्या बायकोला सांगितलं. तिथून ते त्यांच्या वकिलाकडे गेलं. त्यानं आईला पिंजऱ्यात विचारलं, बाई, नवऱ्याची काही खबर? आई हसून म्हणाली, आली की, जानेवारीत. राजेंद्र सर उठले होते ते तसेच उभे राहिले.

मला वाटलं, आई भोळी आहे, तू सावरशील. तू पिंजऱ्यात गेलीस. आईनं हसत काढून दिलेला तो तुकडा तुझ्यासमोर धरला आणि विचारलं, हा तुमच्या मुलानं तोडून पाठवला, असं तुमच्या रितीप्रमाणे तुम्ही मानता का? तू किती वेळ आईकडे बघत होतीस. तिनं ती हिरवी साडी नेसली होती, जी मी तिला कधी नेसताना पाहिली नव्हती. आणि मग तू म्हणालीस, "व्हय."

एक शब्द, आजी. "नाही" म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता.

कोर्टाचं म्हणणं: ज्यांना साहजिकच खबर लागली असती त्यांनाच ती लागल्याचं त्या शपथेवर सांगतात, म्हणून दावा फेटाळला. सात वर्षं आता या जानेवारीपासून नव्यानं. म्हणजे २०३३. तोवर "रेस ज्युडिकाटा", म्हणजे ज्याचा निवाडा झाला तीच गोष्ट पुन्हा कोर्टापुढे आणता येत नाही. अपिलात जायचं तर सांगायला लागेल की तुम्ही दोघी शपथेवर जे बोललात ते खरं नव्हतं.

मी तुझ्यावर रागावले नाही. तू आई आहेस, तुला विश्वास ठेवायचा होता. पण माझ्या आईचं काय?

दिपाली

* * *

देवगाव रंगारी,
२ एप्रिल २०२६

दिपाली बाळ,

पंधरा दिवस मी मुक्ताला बोलावलं नाय. आज ती आपणहून पाटी-पेन्सिल आणावी तसा कागद घेऊन आलीय आणि म्हणते, बाने, तुझ्या पोटात काय आहे ते एकदा काढ. तर काढते. अंबिका कामावर गेलीय.

तू लिहिलंस की मी विश्वास ठेवला. पोरी, वकील झालीस तरी आजीला ओळखलं नाहीस. मी मेंढीच्या दातांवर विश्वास ठेवत नाय, माझं बोट घालून बघते.

कडुबा आला तवा दुपार होती, अंबिका रानात होती. त्यानं चहा घेतला नाय, तिथंच मला कळलं. त्यानं धागा काढून माझ्या हातावर ठेवला. अख्खा होता, हातभर, जसा गेला तसा. तापीच्या पलीकडं एका वाड्यावर एक म्हातारा भेटला, तो म्हणाला, देवगावच्या अंगाचा खंडेराव ना, त्याला आठ वर्षांपाठी ज्वर चढला, दोन दिवसांत गेला, मी माती दिली, त्याची काठी तिथं रोवलीय. म्हाताऱ्यानं धागा त्या काठीला लावला आणि परत दिला. म्हणजे सोनाजी मेंढ्या घेऊन माझ्या दारात आला तवाच माझा पोरगा मातीत होता. आठ वर्षं मी रस्त्याकडं बघितलं. रस्त्याला सांगायला काय झालं होतं?

म्हाताऱ्याचं नाव विचारायचं कडुबाला सुचलं नाय. तो वाडा पुढं निघून गेला. तुझा शब्द मला तिथंच आठवला. ज्यानं बघितलं त्यानं येऊन सांगायचं. कडुबानं बघितलं नाय, ऐकलं.

कडुबाला म्हटलं, तू मला काही बोलला नाहीस. तो गेला. मी धागा मांडीवर घेऊन बसले. मग अंबिकाचा आवाज आला. ती बांधावरून पळत येत होती, तिला कुणीतरी सांगितलं होतं की कडुबा आला. बाळ, तुझी आई पळताना तू पाहिलीयस कधी? मी पाहिली नव्हती. खुरपं हातात, पदर खाली, आणि लग्नात आली तवासारखं तोंड. कोपऱ्यात लोकर कातरायची कातर होती. मी धागा मधोमध कापला. एक तुकडा पानसुपारीच्या चंचीत घातला, एक हातात धरला.

मला वाटलं, एवढा हिवाळा जाऊ दे. कोर्टातून कागद येईल, रान नावावर होईल, मग सांगेन. बाईच्या हातात आधी स्वतःचं खुरपं येऊ दे, मग बांगड्या फुटू दे. कोर्ट त्या धाग्याचं विचारेल हे माझ्या डोक्यात आलं नाय. धाग्यानं कोर्टात जाऊन करायचं काय, त्याला लोकस स्टँडी कुठं आहे?

पिंजऱ्यात उभी होते तवा मला तुझं सगळं आठवत होतं. सरळ विचारतील, सरळ सांग. समोर तू काळ्या कोटात, आणि तुझ्या मागं ती हिरव्या साडीत. मी "नाय" म्हटलं असतं तर तिला नवरा गेल्याचं मोतीरामच्या वकिलासमोर कळलं असतं, त्या परक्या बाकावर बसून. मी तुझ्या आईचं रान दिलं, तुझी मेहनत दिली, शपथ खोटी घेतली. यात शहाणपणा नव्हता, मला ठाऊक आहे. मोतीराम त्या दिवशी कोर्टाच्या दारात माझ्या पाया पडला. म्हणाला, काकू, देव तुमचं भलं करो. तेवढी शिक्षा मला पुरली.

तर मी ठरवलं होतं, की हे सगळं मुक्ताकडून लिहून घ्यायचं, खाली अंगठा द्यायचा, मुक्तानं साक्ष घालायची आणि तुला पाठवायचं. तू जा अपिलात. मला खोटं बोलल्याबद्दल आत टाकायचं तर टाकू दे, तिथं भाकरी थापावी लागत नाय असं ऐकलंय. ऐकीव आहे.

पण परवाची गोष्ट ऐक. अंबिकानं सकाळी सुपारीसाठी माझी चंची उघडली. मी अंगणात होते, दारातून दिसत होतं. तिला तो तुकडा लागला. तिनं उशाखालून स्वतःचा तुकडा काढला आणि दोन्हीची टोकं एकमेकांना लावून बघितली. हातानं तोडलेल्या लोकरीचं टोक पिंजतं, कातरीचं सरळ राहतं. ती धनगराची लेक आहे, तिला हे शिकवावं लागत नाय. मला वाटतं, तिला पहिल्या दिवशीच दिसलं असणार. फक्त दुसरा तुकडा कुठं आहे तेवढं ठाऊक नव्हतं.

मग तिनं माझा तुकडा चंचीत होता तसा ठेवला, नाडी बांधली आणि बाहेर आली.

"आत्याबाई, कडुबा परत कधी येणार?"

मी म्हटलं, ज्येष्ठात, वाडे परततात तवा.

"आला की त्याला म्हणा, माझ्यासमोर काही बोलू नको."

एवढंच. मग तिनं आरशासमोर कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा मोठं, विळा घेतला आणि कांदा काढायला मोतीरामच्या रानात गेली.

मुक्तानं इथं आधी "आपल्या रानात" असं लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. जैसे थे.

बाळ, तुझ्या कायद्यात लिहिलंय, ज्यांना साहजिकच खबर लागली असती अशी माणसं. त्यांना लागलीय, दोघींनाही. आता आम्ही एकमेकींना ती कळू देणार नाय, आणि २०३३ साली मी काही साक्षीला यायची नाय. तेव्हा तुझ्या आईला कोर्टात विचारतील आणि ती पुन्हा हसून सांगेल.

मुक्तानं शाई पुढं केलीय. मी हात पदराला पुसलाय. या कागदावर अंगठा नाय, नीट बघ. हा कुणी सांगितला ते कोर्टाला कळायचं नाय.

तुझी आजी